बिऱ्हाडे सरांचा लघू

पारोळ्याच्या शाळेत, नववी ब,
बिऱ्हाडे सर वृत्तं शिकवायचे टेबलावर.
लघूला बोटाची टिचकी,
गुरूला डस्टर.
पहिला बाक पांढरा होऊन घरी जायचा.

नियम साधा होता. पुढे जोडाक्षर आलं
की मागचा ऱ्हस्वही गुरू.
पत्र. सत्य. भक्त.
तीनदा डस्टर.
मग मागून उखा मोरे उठला,
ज्याला कधी कुणी उठताना पाहिलं नव्हतं,
आणि म्हणाला, सर,
मग तुमच्या नावातला बि?

डस्टर हवेत राहिलं.
सरांनी स्वतःचं नाव जोर देऊन म्हणून पाहिलं,
बिर्‌-ऱ्हाडे,
वर्ग हसला, तेही हसले,
मग घरात म्हणत असतील तसं म्हणाले, हलकं,
र वरून ह घसरून जातो तसं,
आणि टेबलावर एक टिचकी दिली.
आघात बसत नाही तिथे नियमही बसत नाही, लिहून घ्या.
आम्ही लिहून घेतलं:
कुऱ्हाड, उन्हाळा, तुझ्या, बऱ्हाणपूर.
खाली त्यांनी एकच शब्द दोनदा लिहिला,
दिव्यातून. दिव्यातून.
एकातून वात बाहेर येते, एकातून माणूस.
लिहिण्यात फरक नाही. कान कशाला दिलेत?

बावीस वर्षांनी मी रेकॉर्डर घेऊन त्याच गावात,
बोरीच्या पुलाअलीकडे, सुपडाबाईच्या गिरणीत.
माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणतं
की इथे ळ चा य होतो, सरसकट.
तिने ते चाळीस मिनिटं सिद्ध केलं.
धुये. जयगाव. केयी. डोया दुखस.
काया कुत्रा गिरणीच्या पायरीवर झोपला होता,
तोही माझ्या बाजूने.
मी रकाने भरत होतो, एकसष्ट शब्द, एकसष्ट य,
इतका स्वच्छ पुरावा की मला माझाच संशय यायला लागला.

तेवढ्यात तिने मुलीला हाक मारली.

निर्मळाऽ.

पट्टा फिरत होता, हाक त्याच्यावरून गेली.
आघात मी जिथे ठेवला होता, पहिल्या जड अक्षरावर,
तिथून उठून थेट शेवटच्या आ वर जाऊन बसला,
ते चालतं, हाकेत चालतं, त्याला तळटीप आहे.
पण ळ.
पूर्ण, टाळूला जीभ मुडपून लावलेला,
शाळेतल्यासारखा ळ.

मी गिरणी थांबवायला सांगितली.
पुन्हा म्हणा. म्हणाली. ळ.
मग ओळीने काजय, आभाय, जांभूय, निर्मळा.
मी विचारलं, हाच एक का?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं वजनात मारणाऱ्याकडे बघतात.
ते तिनं नाव शे.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं.
पहिलीत दाखल करताना पोरगी
हेडमास्तरांसमोर म्हणाली होती, आई, य नाही, ळ.
सुपडाबाईने तो ळ गिरणीच्या आवाजात घोटला,
कुणाला ऐकू जाणार नाही अशा वेळी,
ज्वारीच्या आणि बाजरीच्या मध्ये.
दोन महिने लागले, म्हणाली. जीभ सोलपटली.

मार्गदर्शक म्हणाले, विशेषनाम, उसना शब्द,
परिशिष्टात टाका.
मी टाकला. शब्दापुढे तारा काढला.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून ठरत नाही,
रोज सकाळी तो रकाना उघडतो, चहा गार होतो.

मी स्वतः इथलाच.
माझा य कधी गेला, कुठल्या हॉस्टेलवर,
कुणी हसलं म्हणून,
याचं रेकॉर्डिंग नाही.

त्या दिवशीच्या टेपच्या शेवटी अजून ऐकू येतं,
मी आभार मानतोय, शुद्ध, एकही य न सांडता,
आणि ती पट्टा चढवता चढवता पुटपुटते:
आते दयन ऱ्हाई गयं.